पडलेल्या झाडाच्या फळ्या जागेवरच पाडताना : चेनसॉ मिलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा प्रत्येक वादळात कोकणातल्या वाड्यांमधली आंब्या-फणसाची जुनी झाडं आडवी होतात. शहरांत दर पावसाळ्यात पर्जन्यवृक्ष कोसळतात. यातलं चांगलं लाकूड बहुतेक वेळा तुकडे होऊन जळणाला जातं, कारण पाऊण टनाचा ओंडका बागेतून रस्त्यापर्यंत काढणं कोणाला जमत नाही. चेनसॉ मिल लागते ती अशा लाकडासाठी. खालचे प्रश्न आंबा, फणस, जांभूळ, बाभूळ, पर्जन्यवृक्ष अशी आपल्याकडची झाडं डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत.

चेनसॉ मिल म्हणजे नेमकं काय?

चेनसॉच्या बारला, म्हणजे चेन ज्याभोवती फिरते त्या लांब पट्टीला, घट्ट आवळून बसवायची एक चौकट. तिच्यात वरती दोन आडवे रूळ असतात आणि दोन उभ्या दांड्यांवर बार खाली-वर करता येतो. रूळ सपाट पृष्ठभागावरून सरकतात आणि बार त्याच्या खाली ठरवलेल्या अंतरावर, पृष्ठभागाला समांतर कापत जातो. ग्रॅनबर्ग कंपनीची ‘अलास्कन’ मिल हा यातला मूळ प्रकार. बाजारात मिळणाऱ्या बाकीच्या बहुतेक चौकटी त्याच धर्तीवरच्या आहेत. साधारण १३ मिलिमीटरपासून ३०० मिलिमीटरपर्यंत जाडी लावता येते.

चौकट स्वतः काहीच सरळ करत नाही. वरचा पृष्ठभाग जसा असेल तशीच खालची फळी निघते. पहिल्या कापावर एवढा भर द्यायचा तो यासाठीच, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

ओंडका वखारीत नेणं बरं नाही का?

ओंडका ट्रॅक्टरपर्यंत पोचत असेल आणि जवळपास परवानाधारक वखार असेल, तर बहुतेक वेळा तेच बरं. वखारीतल्या पट्टाकरवतीचा काप २-३ मिलिमीटरचा असतो, तर चेनसॉचा ८ ते १० मिलिमीटरचा. म्हणजे २५ मिलिमीटरच्या पातळ फळ्या चेनसॉने पाडल्या, तर जवळजवळ पाव लाकूड भुशात जातं. दरवाजाच्या चौकटी, वासे, पातळ फळ्या हवे असतील तर चेनसॉ मिल वापरूच नये.

तिचा उपयोग तीन ठिकाणी खरा : ओंडका हलत नाही तिथे, ओंडका वखारीच्या करवतीत मावत नाही एवढा रुंद आहे तिथे, आणि तुम्हाला टेबल, बाक, ओटा, पायऱ्या यांसाठी ५०-७५ मिलिमीटर जाडीच्या अखंड फळ्या नैसर्गिक कडेसकट हव्या आहेत तिथे.

परवानगी लागते का? झाड तर आपोआप पडलं आहे.

झाड पडलं म्हणून प्रश्न मिटत नाही. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी वृक्ष प्राधिकरणाकडे असते. त्याबाहेर खासगी जमिनीवरच्या ठरावीक जातींना १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागतो. त्या यादीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ ही आपली नेहमीची झाडं आहेत. रस्त्याकडेचं पडलेलं झाड ज्या संस्थेच्या ताब्यात रस्ता आहे तिचं असतं. ते समोरच्या घरमालकाचं होत नाही.

म्हणून करवत लावण्याआधी पडलेल्या झाडाचे बुंध्यासकट फोटो काढा, तलाठ्याकडे किंवा पालिकेच्या उद्यान विभागात कळवा आणि पंचनामा करून घ्या. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याबद्दल वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी विचारा. स्वतःच्या वाडीतलं स्वतःसाठी कापणं वेगळं. पैसे घेऊन दुसऱ्यांचे ओंडके कापायचे असतील, तर तो प्रश्नही त्यांच्याकडूनच लेखी सोडवून घ्या. शिसव असेल तर जास्त काळजी घ्या. शिसवीच्या डालबर्जिया प्रजातीतल्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे फळी परदेशी पाठवायची झाली तर कागदपत्रं लागतात.

कोणतं लाकूड कापण्यासारखं आहे?

आंबा : कापायला सोपा, रुंद फळ्या मिळतात, कधीकधी काळ्या-करड्या रेषांची सुंदर नक्षी असते. पण टिकाऊपणा कमी. पावसाळ्यात पडलेला ओंडका दोन-चार आठवड्यांत निळसर-करडा पडू लागतो आणि लगेच कीड धरतो. आंब्याला थांबायला वेळ नाही.

फणस : आमच्या मते वाडीतलं सगळ्यात मोलाचं लाकूड. ताजं कापलं की पिवळंधमक दिसतं, मग उजेडाने तांबूस-तपकिरी होत जातं. गाभा टिकाऊ. चीक मात्र चेनवर आणि बारच्या खाचेत बसतो, म्हणून दर टाकीनंतर डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या.

पर्जन्यवृक्ष : शहरात नेहमी पडतो. मोठा घेर, वाळताना आकसतो कमी, त्यामुळे जाड फळ्यांना चांगला. याचा भुसा नाकाला फार झोंबतो.

जांभूळ, बाभूळ, चिंच, ऐन : जड, कठीण, वाळताना तडकणारे आणि पिळणारे. बाभूळ आणि चिंच यांचा रंगीत गाभा देखणा असतो, पण चिंचेत तो अनेकदा लहान निघतो. या लाकडांसाठी दर कापाला धार लावायची तयारी हवी.

साग : कापायला मऊ वाटतो, पण त्यात सिलिका असते आणि चेन अनपेक्षितपणे लवकर बोथट होते.

निलगिरी : आतला ताण एवढा असतो की कापता कापताच फळी वाकते, टोकं फाटतात. रुंद फळ्यांच्या नादी लागू नये.

गुलमोहर कापू नका, श्रम वाया जातात. बिब्बा तर अजिबात कापू नका. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि चेनसॉ तो चीक तोंडावर उडवते. आंबा आणि काजू त्याच कुळातले. ज्यांना आंब्याचा चीक बाधतो त्यांनी ताज्या सालीपासून जपून राहावं.

नारळ-पोफळीचं काय?

या पद्धतीने नाही. माडाचं लाकूड बाहेरच्या बाजूला दगडासारखं आणि मध्ये भुसभुशीत असतं. अखंड रुंद फळी टिकत नाही. कडेच्या घट्ट भागाच्या अरुंद पट्ट्या काढता येतात, पण त्यासाठी वखार बरी.

केवढा सॉ लागतो? शेतीसाठी घेतलेला ५८ सीसीचा चालेल?

१२-१४ इंच रुंदीच्या आंब्यापर्यंत चालेल, तोही थांबत थांबत. त्यापुढे नाही. झाड आडवं तोडताना सॉ काही सेकंद जोर लावतो आणि मग श्वास घेतो. फळी पाडताना तो पाच-दहा मिनिटं सलग पूर्ण जोरात चालतो. लहान इंजिनाचा पिस्टन याच कामात चिकटतो.

साधारण हिशोब असा : २४ इंची बारला किमान ७० सीसी, ३६ इंची बारला ९० सीसी, त्याहून लांब बारला १२० सीसीच्या आसपास. स्टिलचा एमएस ६६१ (९१ सीसी) किंवा हस्कवर्नाचा ३९५ एक्सपी (९३.६ सीसी) हे मधल्या कामाचे. एमएस ८८१ (१२१.६ सीसी) आणि ३१२० एक्सपी (११८.८ सीसी) हे मोठ्या ओंडक्यांचे.

बारची पूर्ण लांबी कापायला मिळत नाही. चौकटीच्या पकडी आणि सॉचे दात मिळून ५-६ इंच खातात. ३६ इंची बारवर ३० इंच रुंदी धरून चाला.

साधी चेन चालत नाही का?

चालते, पण हळू आणि खरबरीत. फळी पाडताना चेन लाकडाच्या रेषांच्या टोकांवर आडवी घासत जाते. आडव्या तोडीच्या चेनला वरच्या पात्याचा कोन २५ ते ३५ अंश असतो. असे दात फळीच्या पृष्ठभागावर बाजूने ओरखडे काढतात आणि कापाला डावीकडे-उजवीकडे ओढतात. फळीच्या चेनला तो कोन १० अंशांच्या आसपास ठेवतात. तयार रिपिंग चेन मिळाली नाही तर साधी चेन प्रत्येक धारेला थोडी थोडी करून १० अंशांवर आणा. एकाच दिवशी सगळा कोन बदलायला गेलात, तर अर्धा दात कानशीत जाईल.

धार कधी आणि कशी लावायची?

मऊ लाकडाला टाकीगणिक, बाभूळ-जांभळाला कापागणिक. घड्याळाकडे पाहून ठरवू नका, भुशाकडे पाहा. भुसा रवाळ पडतोय तोवर ठीक. पिठासारखा व्हायला लागला, किंवा सॉ ढकलावा लागू लागला, की तिथेच थांबा. बोथट चेनने काप पूर्ण करण्याच्या हट्टापायी बार तापून निळा पडतो, तेल जळतं आणि काप वाकडा जातो.

कानशीचा व्यास चेनच्या पिचवर, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या अंतरावर, ठरतो : ३/८ इंच पिचला ५.५ मिलिमीटर (चेन झिजत आली की ५.२), ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर. प्रत्येक दाताला सारखेच फेरे द्या, म्हणजे तीन तर सगळीकडे तीन. डाव्या आणि उजव्या दातांची लांबी कॅलिपरने ताडून पाहा. एका बाजूचे दात लांब राहिले, तर काप हळूहळू एका अंगाला उतरतो आणि फळी एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ निघते. दातापुढचं ठोकळं दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवं. ते जास्त खाली गेलं तर चेन हिसके मारते.

पेट्रोल-तेलाचं प्रमाण, ट्यूनिंग?

चांगल्या टू-स्ट्रोक तेलासोबत ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिलिलिटरच घाला. तेल वाचवायची ही जागा नाही.

कार्ब्युरेटर स्क्रूवर चालणारा असेल तर फळीकामासाठी मिश्रण थोडं जास्त पेट्रोलचं ठेवा. मोकळ्या चेनला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आवाज जरा अडखळता, जड यायला हवा आणि लाकडात शिरताच तो साफ व्हायला हवा. मोकळाच किंचाळत असेल तर मिश्रण पातळ आहे आणि सलग कामात इंजिन जाईल. काप संपल्यावर सॉ लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट मंद चालू द्या.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणच्या दमट हवेत महिनाभर टाकीत राहिलेलं मिश्रण वापरू नये. दिवसाचं काम संपलं की टाकी रिकामी करून सॉ बंद पडेपर्यंत चालवा.

बारला तेल मात्र जास्त लागतं. २४ इंचांपुढच्या बारला सॉच्या पंपाचं तेल टोकापर्यंत पुरत नाही, म्हणून बारच्या नाकाजवळ थेंब थेंब पडेल अशी दुसरी तेलाची बाटली चौकटीवर बसवतात. इंजिनचं जळकं तेल घालू नका. त्यातला धातूचा कण बार खातो आणि काळे डाग फळीत उतरतात.

ओंडक्यात खिळे असतील तर?

रस्त्याकडेच्या झाडात असतातच असं धरूनच चाला. जाहिरातींच्या पाट्या, विजेच्या माळा, तारेचं कुंपण, पोकळीत भरलेलं सिमेंट, सगळं सापडतं. माणूस खिळा ठोकतो तो छातीच्या उंचीला, म्हणून बुंध्याकडचे पहिले दोन मीटर सर्वांत संशयास्पद.

आधी टोकाचा आडवा छेद नीट पाहा. लोखंड लाकडातल्या टॅनिनशी मिसळून निळा-काळा डाग पाडतं आणि तो डाग रेषांच्या दिशेने लांबवर पसरतो. टोकाला बोटभर रुंदीची काळपट निळी रेघ दिसली, तर तिच्या सरळ रेषेत आत कुठेतरी लोखंड आहे. बाभूळ, जांभूळ, ऐन यांत हा डाग ठळक दिसतो, आंब्यात फिका. मग साल पूर्ण काढा, हातातला धातुशोधक फिरवा आणि खडूने खुणा करा. तो शोधक काही सेंटिमीटरच खोल पाहतो, म्हणून दर कापानंतर उघड्या पृष्ठभागावर पुन्हा फिरवायचा. सापडलेला खिळा पटाशीने भोवतालचं लाकूड कोरून पकडीने काढा. खोल असेल तर कापाची उंची बदला. शहरी झाडांसाठी एक जुनी, अर्धी झिजलेली चेन राखून ठेवा.

साल काढायचं आणखी एक कारण : ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळू आणि खडे अडकलेले असतात. चेनसाठी ते खिळ्यांइतकेच वाईट.

पहिला काप कसा बसवायचा?

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तासभर गेला तरी चालेल.

ओंडका दोन आडव्या लाकडांवर उचलून घ्या, पहारीने आणि पाचरींनी पक्का करा, म्हणजे चेन जमिनीला लागणार नाही आणि तो लोळणार नाही. मुळाकडचं टोक थोडं उंच ठेवलं आणि उताराकडे कापत गेलं, तर सॉचं वजनच काम करतं. थोडासाच उतार पुरतो.

दोन्ही टोकांना १८ मिलिमीटर प्लायचा एकेक तुकडा स्क्रूने उभा बसवा. त्यांच्यावर मार्गदर्शक ठेवायचा : ॲल्युमिनियमची सरळ शिडी, नाहीतर दोन चौकोनी पाइप आडव्या पट्ट्यांनी जोडलेले. तो ओंडक्याच्या दोन्ही टोकांपुढे २५-३० सेंटिमीटर निघालेला हवा. नाहीतर सुरुवातीला आणि शेवटी चौकटीचा अर्धा भाग हवेत राहतो, सॉ झुकतो आणि फळीला दोन्ही टोकांना घळ पडते.

आता पीळ तपासा. पाणसळ एका टोकाला आडवी ठेवा, मग दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी हवा. ओंडका समपातळीत असलाच पाहिजे असं नाही, पण दोन्ही टोकं एकमेकांशी जुळलीच पाहिजेत. मग मार्गदर्शकाच्या लांबीवर दोरी ताणा आणि मधोमध झोल आहे का पाहा. १० फुटांची शिडी मध्ये सहज काही मिलिमीटर खाली जाते. तिथे खालून पाचर द्या.

शेवटची तपासणी स्क्रूंची. मार्गदर्शक धरून ठेवणारा प्रत्येक स्क्रू कापाच्या रेषेच्या किमान २५ मिलिमीटर वर संपायला हवा. पहिल्या कापासाठी खोली जास्त लावावी लागते, म्हणून बार कुठून जाणार ती रेघ दोन्ही टोकांवर पेन्सिलने मारून घ्या आणि स्क्रू त्या रेघेशी ताडून पाहा.

हा काप झाला, वरची पाठ (सालीकडचा गोलसर तुकडा) उचलली, की मार्गदर्शकाचं काम संपलं. पुढचे सगळे काप त्या सपाट पृष्ठभागावरूनच घ्यायचे.

पुढचे काप घेताना काय सांभाळायचं?

फूट-दीड फूट पुढे गेलं की मागच्या फटीत पाचर सरकवा, मग तेवढ्याच अंतराने पुढे देत जा. पाचर प्लास्टिकची किंवा लाकडाची, लोखंडाची कधीच नाही. वरची फळी बसली की बार चिमटला जातो आणि तापतो.

सॉ अगदी काटकोनात ढकलण्यापेक्षा एक बाजू थोडी पुढे ठेवा, भार कमी होतो. ढकलण्याचा वेग एकसारखा हवा. थांबून-थांबून ढकललं की प्रत्येक थांब्याला पृष्ठभागावर एक पायरी उमटते, आणि ती घासून काढायला तासच्या तास जातात. मोठ्या बारला दोन माणसं घ्या, एक सॉपाशी, दुसरा नाकाकडच्या दांड्याला.

फळी मध्ये जाड आणि कडेला पातळ का निघते?

कारणं बहुतेक याच क्रमाने शोधावीत. चेन बोथट किंवा दात असमान. बारच्या खाचेच्या दोन कडा कमी-जास्त झिजलेल्या : बार सपाट काचेवर उभा धरला तर तो एका बाजूला कलतो, आणि मग कडा कानशीने सारख्या कराव्या लागतात. चेन सैल : गरम झाल्यावर ती लांबते, म्हणून काप संपल्यावर ताण पाहा, आणि थंड होण्याआधी थोडी सैल करून ठेवा. बार एकाच टोकाला आवळलेला : नाक खाली झुकतं. पकडीचे नट कंपनाने ढिले : दर कापाआधी पाना फिरवा.

किती जाड कापायची?

तयार जाडीपेक्षा १२-१५ मिलिमीटर जास्त. ४५ मिलिमीटरचं टेबल हवं तर ओली फळी ६० मिलिमीटरची. वाळताना ती आकसते, थोडी पन्हळते, आणि सपाट करताना दोन्ही बाजूंनी लाकूड जातं. एकाच ओंडक्यातल्या सगळ्या फळ्या सारख्या जाडीच्या ठेवा, रचणी सोपी होते.

ओंडक्याच्या अगदी मध्यावरचा भेंड फळीत आला की ती फळी जवळजवळ नक्की तडकते. म्हणून कापांची आखणी दोन्ही टोकांवर आधीच करा आणि भेंड एकाच फळीत सापडेल असं पाहा. ती फळी नंतर मधोमध चिरून दोन अरुंद, चांगल्या फळ्या घ्यायच्या. फांदीचं लाकूड, कितीही जाड असलं तरी, टेबलासाठी घेऊ नये. ते एका बाजूने ताणलेलं असतं आणि वाळल्यावर वाकतं.

एका ओंडक्यातून किती माल मिळतो?

८ फूट लांब, ७४ इंच घेराचा ओंडका धरू. व्यास सुमारे ६० सेंटिमीटर. आपल्याकडच्या व्यापारात घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी असा हिशोब चालतो : साडेअठरा गुणिले साडेअठरा गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे १९ घनफूट. खरं घनफळ सुमारे २४ घनफूट असतं.

वरची आणि खालची पाठ १०-१० सेंटिमीटर सोडली तर ६० मिलिमीटरच्या पाच फळ्या निघतात, सरासरी रुंदी ५५ सेंटिमीटर. मिळून १४ घनफूट. भुशात अडीच घनफूट जातं, उरलेलं पाठींमध्ये. पेट्रोल एका कापाला पाव ते अर्धा लिटर, कठीण लाकडाला जास्त. प्रत्येक ओली फळी ७० ते ८५ किलोची असते, एकट्याने उचलू नये.

टोकं का फाटतात?

टोकाकडून पाणी मधल्या भागापेक्षा कितीतरी वेगाने उडतं. टोक आकसायला बघतं, आतलं लाकूड आकसू देत नाही, आणि चीर पडते. उपाय एकच, टोकं बंद करणं, आणि तेही ओंडका तोडल्या दिवशीच. वितळवलेलं मेण सर्वांत चांगलं, उरलेला ऑइल पेंट दोन हात जाड दिला तरी चालतो. टोकापासून बाजूंवरही बोटभर उतरवा. आठवड्याने लावलेला रंग चीर मिटवत नाही. शक्य असेल तर ओंडका हव्या त्या लांबीपेक्षा एक फूट जास्त ठेवा.

फळ्या कुठे आणि कशा वाळवायच्या?

सावलीत, छपराखाली, जमिनीपासून किमान एक फूट वर. खालचे आधार एका पातळीत हवेत, कारण ओली फळी ज्या आकारात ठेवाल त्याच आकारात वाळते. दोन फळ्यांमध्ये २५ बाय २५ मिलिमीटरच्या वाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या, ४० सेंटिमीटरवर एक, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक, आधाराच्या बरोबर वर. एक पट्टी इकडे-तिकडे झाली की त्या जागी फळीला लाट येते. ओल्या पट्ट्या वापरल्या तर फळीवर आडवे डाग राहतात आणि ते रंध्यानेही लवकर जात नाहीत. सगळ्यात वर चिऱ्यांचं वजन.

कापायला उत्तम काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. थंडीत फळी हळू वाळते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेचं कोरडं वारं ताज्या फळीवर बारीक चिरा पाडतं, तेव्हा रचणीच्या बाजूंना गोणपाट लावा. कोकणात पावसाळ्यात उलटी अडचण. हवेतच एवढं पाणी असतं की फळी १६-२० टक्क्यांवर येऊन थांबते आणि वाळवण सुरू होतं ते पाऊस गेल्यावर. त्या चार महिन्यांत प्लास्टिकने गुंडाळून ठेवू नका, बुरशी येते. वरून पत्रा, बाजू मोकळ्या.

६० मिलिमीटरचा आंबा साधारण ८ ते १२ महिने घेतो, जांभूळ-बाभूळ दीड वर्षाच्या पुढे.

कीड लागू नये म्हणून?

आंब्याला आणि कुठल्याही लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला हे करावंच लागतं. आत पिठूळ पदार्थ असतो आणि तो खाणारे भुंगेरे वाळत्या फळीत शिरतात. बारीक भोकं आणि खाली पडलेला मैद्यासारखा भुगा दिसला की समजा ते आत आहेत.

१० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. फळी कापल्या दिवशीच, ओली असतानाच, सगळ्या बाजूंना दोन-तीन हात द्या. बोरॉन लाकडातल्या पाण्यातूनच आत पसरतं, म्हणून वाळलेल्या फळीवर लावून फारसा उपयोग नाही. मग फळ्या एकावर एक ठेवून दोन-तीन आठवडे प्लास्टिकखाली झाका आणि त्यानंतर पट्ट्यांवर रचा. वरच्या परिच्छेदातलं प्लास्टिक नको हे वाळवणीच्या काळासाठी. इथे मुदत ठरलेली आहे, ती संपताच काढायचं. पावसात राहणाऱ्या बाकासाठी हा उपाय टिकत नाही, बोरॉन धुऊन जातं. हातमोजे घाला आणि हे पाणी विहिरीजवळ ओतू नका.

कीड शिरलीच असेल तर भट्टी. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस किमान ३० मिनिटं राहिलं पाहिजे. फळी उन्हात टाकून ते साधत नाही.

फळी वाळली हे कसं ओळखायचं?

ओलावामापक असेल तर टोकापासून फूटभर आत आणि मध्ये मोजा, आणि मापकावर जात बदलायची सोय असेल तर बदला. नसेल तर वजनकाट्यावर ठेवता येईल असा एक नमुना तुकडा त्याच रचणीत ठेवा, टोकं बंद करून. दर पंधरा दिवसांनी वजन करून त्याच्यावरच लिहा. कोरड्या हंगामात सलग तीन वजनं सारखी आली की फळी तिथल्या हवेशी जुळली. घरातल्या टेबलाला १२ टक्के पुरतात. वातानुकूलित ऑफिससाठी ८-१० हवेत, म्हणजे कोकणात वाळलेली फळी तिथे नेऊन महिनाभर पट्ट्यांवर ठेवायची आणि मगच रंधा मारायचा.

सुरक्षेसाठी काय काय हवं?

कानांना मफ, कारण आवाज १०० डेसिबलच्या वर असतो आणि तो तासन्‌तास चालतो. डोळ्यांना चष्मा, पायाला चेन अडवणारी पँट, घोट्यापर्यंत बूट. एन-९५ मास्क, साधा रुमाल नाही. शिवाय या कामात तोंड सायलेन्सरच्या जवळ राहतं, म्हणून वारं पाठीकडून किंवा बाजूने येईल असं उभं राहा. डोकं जड झालं तर तो थकवा समजू नका, धूर आहे. मोकळ्या हवेत जा आणि त्या दिवशीचं काम थांबवा.

सर्वांत मोठा धोका मिलचा नसून त्याआधीचा आहे. उन्मळून पडलेल्या झाडाचा बुंधा तोडला, की मुळांचा गड्डा एकदम उभा होऊन खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्यात कोणी उभं नाही, मुलं जवळ नाहीत, हे स्वतः जाऊन पाहा. गड्डा दोराने बांधा आणि बुंध्याचा लांबसा भाग त्याला जोडलेला ठेवूनच तोडा. झाडावर वीजवाहिनी पडली असेल तर महावितरणने पुरवठा बंद केल्याचं कळवल्याशिवाय फांदीलाही हात लावू नका.